लाकडी लांब धनुष्याचा बाक कसा साधावा : घरच्या कामशाळेतील टिलरिंग

सरळ दांड्याला धनुष्याचा ओबडधोबड आकार देणे फारसे अवघड नाही. सुतारकामाची थोडी सवय असलेला माणूस ते एका दिवसात करतो. अवघड काम त्यानंतर सुरू होते. दांड्याच्या दोन्ही पात्या सारख्या जोराने आणि ताण आपल्या सगळ्या लांबीवर वाटून घेत वाकल्या पाहिजेत, आणि तसे होईपर्यंत लाकूड थोडे थोडे काढत राहावे लागते. या कामाला टिलरिंग म्हणतात. माझे पहिले धनुष्य टिलरिंगच्या मध्यावरच मोडले. मुठीपासून वीतभर अंतरावर वरची पाती जरा जास्त वाकते आहे, हे मला स्पष्ट दिसले होते. तरीही आणखी चार इंच ओढून पाहावे आणि मग दुरुस्त करावे, असा विचार मी केला. दुरुस्त करण्याची वेळ आलीच नाही. या लेखातील बऱ्याच सूचना त्या चार इंचांतून निघालेल्या आहेत.

आधी काही शब्द पक्के करू. धनुष्याची नेमबाजाच्या विरुद्ध दिशेची बाजू म्हणजे पाठ आणि त्याच्याकडे तोंड असलेली बाजू म्हणजे पोट. मुठीच्या वर व खाली असलेले वाकणारे भाग म्हणजे पात्या, आणि पातीचे टोक म्हणजे कोटी. मूठ जिथे निमुळती होत पातीत मिसळते, त्या भागाला मी उतार म्हणतो. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. टिलरिंगमध्ये लाकूड काढायचे ते पोटाकडून. पाठ एकदा तयार झाली की तिला हत्यार लावायचे नाही.

साहित्य आणि हत्यारे

दांडा घट्ट धरणारे वाइस, भरड आणि बारीक दातांची लाकडाची कानस, छोटा रंधा किंवा स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा), खरवडण्यासाठी पोलादी पट्टीचे स्क्रेपर, जाडी मोजायला कॅलिपर, पेन्सिल, ५० पौंडांपर्यंत वजन दाखवणारा ताणकाटा किंवा सामान तोलायचा टांगता काटा, एक कप्पी, ४ ते ५ मीटर मजबूत दोर, धनुष्याच्या दोन दोऱ्या (सुरुवातीच्या टिलरिंगसाठी एक लांब, आणि धनुष्यावर ताणून चढवायची एक आखूड), आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा. यांत स्क्रेपर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी हत्यार आहे. अर्धे टिलरिंग त्यानेच होते. यू जातीचे लाकूड वापरत असाल, तर त्याचा भुसा विषारी असतो म्हणून तोंडावर मास्क हवाच. इतर लाकडांच्या बाबतीतही तो असलेला बरा.

१. लाकूड वाळले आहे आणि पाठ अखंड आहे, याची खात्री करा

ओले लाकूड सहज वाकते, पण सोडल्यावर पूर्ण सरळ होत नाही. लाकडातील ओलावा साधारण ८ ते १० टक्के असावा. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल, तर दांडा दर आठवड्याला तोलून वजन लिहून ठेवा. सलग दोन-तीन आठवडे वजन बदलले नाही, म्हणजे लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले. हवा फार दमट असेल, तर जुळूनही ते हवे तेवढे वाळलेले नसते, हेही लक्षात ठेवा. उलट, भट्टीत किंवा हीटरजवळ जास्त वाळलेले लाकूड ठिसूळ होऊन पाठीकडून तुटते.

पाठीवर झाडाचे एकच वार्षिक वलय मुठीपासून कोटीपर्यंत अखंड असावे. फळीतून धनुष्य करत असाल, तर फळीच्या रुंद बाजूवर आणि कडेवर दिसणाऱ्या तंतूंच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. रेषा कडेवरून मध्येच बाहेर पडत असेल, तर त्या जागी पाठ पुढेमागे उसवणार, असेच समजा. हिकरी, अ‍ॅश, एल्म ही लाकडे ताण चांगला सोसतात, म्हणून नवख्या माणसाच्या चुका थोड्याफार पोटात घालतात. यू लाकडात निसर्गानेच दोन थर दिलेले आहेत : सालीखालचे फिकट लाकूड ताण झेलते आणि आतला गाभा दाब झेलतो. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज जहाजावर सापडलेली लांब धनुष्ये यूचीच आहेत, आणि त्यांची पाठ फिकट लाकडाची व पोट गाभ्याचे आहे. मात्र यूचा चांगला दांडा महाग आणि दुर्मीळ असतो. पहिल्या धनुष्यासाठी तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. आकार आखा, आणि हातचे राखा

पहिले धनुष्य लांब ठेवा. लाकूड लांब असले की प्रत्येक इंचाच्या वाट्याला कमी वाक येतो. दोरी (मुठीपासून मोजून) २८ इंच ओढायची असेल आणि मूठ न वाकणारी असेल, तर दोरी अडकवायच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत ६८ ते ७२ इंच लांबी सुरक्षित असते. मूठ ४ इंच, तिच्या दोन्ही बाजूंना २-२ इंचांचे उतार, पातीची रुंदी अर्ध्या लांबीपर्यंत पावणेदोन इंच आणि तिथून पुढे निमुळती होत कोटीपाशी अर्धा इंच, असा आराखडा हिकरी किंवा अ‍ॅशच्या फळीला चालतो. जाडी सुरुवातीला उतारापाशी सुमारे १६ मिलिमीटर आणि कोटीकडे १२ मिलिमीटर ठेवा आणि ती मधे कुठेही अचानक न घसरता एकसारखी उतरत जाऊ द्या. पाठीच्या दोन्ही कडा गोलसर करा, कारण धारदार कडेवरच चिरफळ्या निघतात.

जाडीबद्दल एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. पातीचा कडकपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी ५ टक्क्यांनी कमी केली तर कडकपणाही ५ टक्क्यांनीच घटतो. पण १२ मिलिमीटर जाडीतून फक्त अर्धा मिलिमीटर काढला, तर त्या जागेचा कडकपणा सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. कानशीचे चार जोरदार हात मारले की अर्धा मिलिमीटर जातो. म्हणूनच भरड कानस लवकर बाजूला ठेवायची असते.

३. जमिनीवर दाबून पाहा

अजून दोरी नाही. एक कोटी जमिनीवर टेकवा, पाठ जमिनीकडे असू द्या, एका हाताने वरचे टोक धरा आणि दुसऱ्या हाताने मुठीवर दाब द्या. खालची पाती किंचित वाकलेली दिसेल. मग दांडा उलटा करून दुसरी पाती तशीच पाहा. या टप्प्यात पात्या लाकडी फळकुटासारख्या ताठ न राहता दोन-तीन इंच वाकू लागल्या आणि दोन्हीकडे हाताला सारखाच विरोध जाणवला, की पुढे जायचे.

लाकूड काढण्याची पद्धत इथूनच अंगवळणी पाडा. जिथून काढायचे, तिथे पोटावर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा ओढा आणि रेघा जाईपर्यंतच घासा. रेघा गेल्या म्हणजे एक थर गेला. पुन्हा वाकवून पाहिल्याशिवाय दुसरा थर काढायचा नाही. डोळ्यांच्या अंदाजाने ‘थोडेसे आणखी’ काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो बहुधा नेमक्या त्याच जागी होतो, जिथे लाकूड आधीच पुरेसे पातळ झालेले असते.

४. लांब दोरी आणि टिलर-खांब

कोटीपासून सुमारे अर्धा इंच आत, दोन्ही कडांवर ४५ अंशांच्या तिरक्या खाचा करा. खाच फक्त कडांवर असावी. ती पाठीवरून आडवी गेली, तर पाठीचे तंतू कापले जातात. कोटीवर धनुष्य न वाकवता सहज चढेल आणि जेमतेम दोन-तीन इंच सैल लोंबेल, एवढीच लांब दोरी घ्या.

टिलर-खांब म्हणजे भिंतीला पक्का केलेला एक उभा दांडा. त्याच्या माथ्यावर मुठीच्या मापाची, कापड किंवा चामडे लावलेली बैठक असते आणि तळाशी कप्पी. धनुष्य पाठ वर करून बैठकीवर ठेवायचे, दोरीत ताणकाट्याचा आकडा अडकवायचा, काट्याला बांधलेला दोर कप्पीतून घेऊन तीन-चार मीटर दूर उभे राहून ओढायचा. दूर उभे राहण्याची दोन कारणे आहेत : मोडलेल्या धनुष्याचे तुकडे जोरात उडतात, आणि दुरून दोन्ही पात्यांची एकत्र रेषा दिसते. खांबाच्या खाली किंवा अगदी शेजारी उभे राहून ओढू नका. मागच्या भिंतीवर एक आडवी रेषा आणि तिच्याखाली एकेक इंचावर समांतर रेषा आखून ठेवल्या, तर कोणती कोटी किती खाली आली हे मोजता येते.

आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम. तुम्हाला ४० पौंडांचे धनुष्य, म्हणजे पूर्ण ओढल्यावर काट्यावर ४० पौंड दाखवणारे धनुष्य हवे असेल (धनुष्याचे वजन म्हणतात ते हेच), तर काटा ४० च्या पुढे कधीही जाऊ द्यायचा नाही, मग दोरी दोन इंच आलेली असो की वीस. लाकडावर त्याच्या शेवटच्या कामापेक्षा जास्त ओझे टाकले, तर पोटाचे तंतू दबून बसतात आणि त्यांचा जोर परत येत नाही. दुसरा नियम याच्या जोडीचा आहे : डोळ्यांना दोष दिसला, की ओढणे त्याच इंचावर थांबवायचे, आणि तो दोष जाईपर्यंत दोरी त्या इंचाच्या पुढे न्यायची नाही. माझे धनुष्य दुसरा नियम न पाळल्यामुळे मोडले, पण पहिला न पाळल्यामुळे निस्तेज झालेली धनुष्ये मी त्याहून जास्त पाहिली आहेत. ती मोडत नाहीत, फक्त बाण सुस्त टाकतात आणि त्याचे कारण कोणाला कळत नाही.

प्रत्येक वेळी लाकूड काढल्यानंतर धनुष्य त्याच ओढीपर्यंत किंवा थोडे कमी, हळूहळू २० ते ३० वेळा ओढून सोडा. ही कसरत न करता पाहिले, तर बदल पूर्ण दिसत नाही. मग आपण आणखी लाकूड काढतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा लुळी पडलेली आढळते.

लांब दोरीवर फार वेळ रेंगाळू नका. तिच्यावर दोरीचा कोन वेगळा असल्यामुळे पात्यांचे वागणे आणि काट्यावरचे वजन दोन्ही थोडे फसवे असतात. ठरवलेल्या वजनाला दोन्ही कोटी सुमारे ६ इंच खाली येऊ लागल्या आणि वाक दोन्हीकडे सारखा दिसला, की दोरी चढवण्याची वेळ आली.

५. दोरी पहिल्यांदा चढवणे

पहिल्यांदा दोरी चढवताना मूठ आणि दोरी यांतले अंतर ३ ते ४ इंचच ठेवा. पाय अडकवून, मांडीचा आधार घेऊन धनुष्य वाकवण्याची जुनी पद्धत बरेच जण वापरतात. पण तिच्यात पातीला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून दोरी चढवण्यासाठी, दोन्ही कोटींवर बसणाऱ्या टोप्या असलेली वेगळी मदतीची दोरी वापरणे चांगले. धनुष्य चढवलेले असताना ते कोटीकडून डोळ्यासमोर धरा आणि दोरी मुठीच्या मधून जाते का, ते पाहा. दोरी एका बाजूला सरकलेली असेल, तर पातीच्या दोन्ही कडांची जाडी एकाच जागी कॅलिपरने मोजा. बऱ्याच वेळा एक कड जाड निघते, आणि जाड कड खरवडल्यावर पीळ कमी होतो.

मग प्रत्येक पातीच्या उताराच्या टोकापाशी दोरीपर्यंतचे अंतर मोजा. हात धनुष्याला मध्याच्या थोडे खाली धरतो आणि बाण थोडा वरून जातो, त्यामुळे खालच्या पातीवर भार जास्त येतो. म्हणून ती किंचित कडक असावी लागते. वरच्या पातीचे अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त आले, तर योग्य. कोणती पाती वरची, हे याच वेळी ठरवून मुठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. हे लिहायला विसरल्यामुळे मी एकदा एक पूर्ण संध्याकाळ चुकीची पाती खरवडण्यात घालवली होती.

६. इंचाइंचाने ओढ वाढवा

आता धनुष्य पुन्हा खांबावर. १० इंचांपासून सुरुवात करा. पाहा, दुरुस्त करा, ३० वेळा ओढा, पुन्हा पाहा, आणि काही दोष नसेल तरच एक इंच पुढे जा. ऐकायला हे कंटाळवाणे वाटते आणि करतानाही ते कंटाळवाणेच असते. परंतु २० इंचांपर्यंत हा क्रम न मोडता पोहोचलेले धनुष्य पुढे सहसा त्रास देत नाही.

काय पाहायचे, हे आराखड्यावर अवलंबून असते. वर दिलेल्या आराखड्यात मुठीजवळचा भाग जवळपास ताठ, मधला मोठा भाग सारख्या वळणाचा आणि शेवटचे ६ ते ८ इंच पुन्हा काहीसे ताठ दिसले पाहिजेत. मुठीपासून टोकापर्यंत सरळ निमुळत्या होत जाणाऱ्या पातीचा वाक वर्तुळाच्या तुकड्यासारखा दिसतो, तर बराच भाग एकाच रुंदीच्या पातीचा वाक लंबवर्तुळाकडे झुकतो. मूठही वाकणाऱ्या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या धनुष्यात वाक मधूनही सलग जातो. एका आराखड्याचे चित्र समोर ठेवून दुसऱ्या आराखड्याचे धनुष्य तसे वाकवण्याचा हट्ट धरू नका.

डोळा थकतो आणि मग तो आपल्याला हवे तेच पाहतो. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, प्रत्येक ओढीला फोनने अगदी समोरून फोटो घ्या आणि तो आडवा उलटवून पाहा. डावी पाती उजवीकडे गेली, की न दिसलेला फरक चटकन जाणवतो. दुसरा उपाय म्हणजे ५-६ इंच लांबीचा सपाट ठोकळा, ज्याच्या मधोमध भोक पाडून पेन्सील बसवलेली असते. धनुष्य खांबावर ओढून अडकवलेले असताना हा ठोकळा पोटावरून सरकवा. जिथे वाक सर्वांत जास्त, तिथे ठोकळ्याच्या मध्याखाली फट सर्वांत मोठी असते. तिथे पेन्सील जेमतेम टेकणार नाही एवढीच पुढे काढा. मग पूर्ण पातीवरून ठोकळा फिरवला की जिथे जिथे पेन्सिलीची रेघ उठेल, ती जागा कडक, आणि लाकूड तिथूनच काढायचे. हे झटपट करा. धनुष्य ओढलेल्या अवस्थेत काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका.

नैसर्गिक दांड्याला मुळातच वळणे असतात, आणि तिथे डोळा हमखास फसतो. दांडा मूळचा पुढे झुकलेला असेल, तर तो भाग ओढल्यावर ताठ दिसतो, जरी तो इतरांइतकाच वाकलेला असला तरी. अशा वेळी सैल अवस्थेतील पातीची रेषा मोठ्या कागदावर उतरवून घ्या आणि ओढलेल्या अवस्थेशी ताडून पाहा.

७. दोष आणि त्यांवरील इलाज

बिजागरी. एका छोट्या जागी पाती दुमडल्यासारखी वाकते. त्या जागेला अजिबात हात लावू नका. लाकूड तिच्या दोन्ही बाजूंच्या कडक भागांतून काढा, म्हणजे ते भागही वाकायला लागून बिजागरीचा भार वाटून घेतील. यात धनुष्याचे वजन कमी होते. सुरुवातीला हातचे राखायला सांगितले, ते यासाठीच.

कडक जागा. ही सोपी आहे : रेघा ओढा, स्क्रेपरचे काही हात मारा, ओढा, पाहा. मात्र कोटीजवळच्या भागाला घाईने कडक ठरवू नका. तो थोडा ताठ असायलाच हवा. गाठीभोवतीही लाकूड थोडे जास्त ठेवावे लागते.

बसलेला बाक. दोरी उतरवल्यावर धनुष्य पूर्ण सरळ होत नाही आणि पोटाकडे झुकलेले राहते. दोरी उतरवल्याबरोबर मुठीच्या पाठीपासून दोन्ही कोटींपर्यंत सरळ रेषा धरून हे मोजा आणि लिहून ठेवा. १ इंचाच्या आतला बाक लाकडी धनुष्यात सामान्य आहे. तो काम चालू असताना एकदम वाढला, तर लाकूड ओले आहे, किंवा एखाद्या जागेवर जास्त ताण येतो आहे, किंवा तुम्ही वजनाचा नियम मोडला आहे. थांबा आणि कारण शोधा.

पोटावरच्या सुरकुत्या. पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक रेषा उमटल्या, तर तंतू दाबाने चिरडले गेले आहेत. त्या जागेवरचा भार शेजारच्या भागांवर वळवा आणि धनुष्याचे ठरवलेले वजन कमी करा.

पाठीवरची चिरफळी. ती उचलली गेली असेल, तर ओढणे लगेच बंद करा. अगदी छोटी आणि वरवरची असेल, तर गोंद भरून त्यावर मजबूत दोरा घट्ट गुंडाळता येतो. लांब आणि खोल असेल, तर ते धनुष्य भिंतीवर टांगण्यापुरतेच राहते.

‘टक्’ असा आवाज आला, तर तो दोरीच्या गाठीचा की लाकडाचा हे ठरवण्यासाठी आणखी एकदा ओढून पाहू नका. आधी दोरी उतरवा आणि चांगल्या उजेडात पाठ बोटाने आणि कापसाच्या बोळ्याने तपासा. उठलेल्या तंतूत कापूस अडकतो.

८. शेवटचे दोन इंच

ठरवलेल्या ओढीच्या दोन इंच अलीकडे पोहोचल्यावर दोरी ५ ते ६ इंचांवर चढवा, कानस कायमची बाजूला ठेवा आणि फक्त स्क्रेपर वापरा. या वेळी काट्यावरचे वजन हव्या त्या आकड्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त यायला हवे (वजनाच्या नियमाला इथे एवढीच सूट), कारण सँडपेपरने घासताना आणि पुढे बाण मारताना ते उतरणार असते. माझे दुसरे धनुष्य सँडपेपरच्या आधी ४२ पौंडांचे होते आणि गुळगुळीत करण्याच्या उत्साहात ३७ वर आले. खांबावर ते पूर्ण २८ इंच ओढू नका. शेवटचा इंच हाताने ओढताना आपोआप साधतो.

आता कमी ओढीने, सुमारे २० इंचांपासून सुरुवात करून ५० ते १०० बाण सोडा आणि ओढ हळूहळू पूर्ण करा. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. बाणात जाणारी सगळी शक्ती मग धनुष्यातच अडकते आणि ते फुटू शकते. बाण मारून झाल्यावर धनुष्य पुन्हा खांबावर नेऊन बाक, दोन्ही पात्यांची अंतरे आणि बसलेला बाक तपासा. या वेळी एखादी पाती दुसरीच्या तुलनेत किंचित कडक दिसणे नेहमीचे आहे. स्क्रेपरचे आठ-दहा हलके हात तेवढ्याला पुरतात.

तेल किंवा वॉर्निश त्यानंतरच लावा, कारण एकदा लेप बसला की पुढची प्रत्येक दुरुस्ती त्या लेपासकट खरवडून करावी लागते. लेप दोन्ही कोटींच्या उघड्या टोकांना आणि खाचांच्या आतही लागला पाहिजे. ओलावा सर्वांत लवकर तिथूनच आत शिरतो. काम झाले की दोरी उतरवा आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवे ठेवा.